न चाखता घातलेलं मीठ

प्रिय मंगलाताई,

तुझ्या लेकीच्या हॉटेलात काल जेवून आले. कपाळाला आठ्या घालू नकोस, आधी वाच. बँकेतली नोकरी सोडून श्रेया इथे स्वयंपाकी झाली, तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. दारू-मांसाच्या जागी राबणारे हात गणपतीच्या नैवेद्याला लागायचे नाहीत, असंही मला फोनवर ऐकवलंस. म्हटलं, बहरीनमध्ये तिची मावशी आहे ना, डोळ्यांनीच पाहून येऊ.

हॉटेल म्हणजे इथल्या मुहर्रक शहरातलं एका मोत्यांच्या व्यापाऱ्याचं जुनं घर. मध्ये अंगण, वर मोकळं आकाश, नक्षीची दारं. जेवण स्पेनच्या दक्षिणेकडचं, अंदालुसियाचं. सध्या तिथे इतकी झुंबड, की आम्हाला टेबल मिळालं ते नेमकं संकष्टीला. ह्यांनी खुशाल मध घातलेले वांग्याचे काप खायला घेतले, आणि मी पाण्याचा पेला धरून चंद्राची वाट बघत बसले. आजूबाजूची नटलेली मंडळी ह्यांच्याकडे अशी बघत होती, जसं काही बायकोला उपाशी ठेवून हा गृहस्थ एकटा जेवतोय. मला हसू आवरेना.

चंद्र उगवल्यावर श्रेयाच मला गच्चीवर घेऊन गेली. हात जोडले, खाली आलो. मग तिने बदाम वाटून केलेलं पांढरं, गार सार आणलं, वर द्राक्षं. लसूण असतो त्यात, माझ्यापुरता वगळला होता. मीठ इतकं नेमकं, की मी बोलून गेले. तिच्याबरोबर काम करणारा हैदराबादचा उबेद हसला. म्हणाला, "आंटी, आज इसका भी उपवास है. नमक मैं चखता हूँ. कभी कम-ज़्यादा नहीं निकला."

ताई, दर संकष्टीला ही पोर एवढ्या माणसांचं रांधते आणि चंद्र दिसेपर्यंत जिभेला थेंब लावत नाही. जमतं कसं, विचारलं, तर माझ्याकडेच नवलाने बघत म्हणाली, "आई नैवेद्याचं कधी चाखते का गं, मावशी?"

बिल ह्यांनी मला बघू दिलं नाही. खर्चाच्या वहीत कालच्या तारखेपुढे ह्यांनी आकड्याऐवजी नुसतं 'श्री' लिहून ठेवलंय.

आता मुद्द्याचं. श्रेयाने गणपतीसाठी रजा काढली आहे. निघताना दाराशी तिने हळूच विचारलं, आई मला मोदक वळू देईल का? तुला न विचारता मी हो सांगून टाकलंय. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच आगाऊ धाकटी,
सुनीता