सातव्या चॅप्टरमधली आग

३ सप्टेंबर १९४८, पडेगाव
आजपासून रोज दहा पानं. दिवाळीआधी नॉव्हेल पूर्ण. सन दोन हजार: सरकारनं सगळा विस्तव जप्त केलाय, घरटी रोज एक निखारा. विस्तव म्हणजे सत्ता. सातव्या चॅप्टरात हीरो सरकारी भट्टी जाळतो. तिथं आग म्हणजे क्रांती. आमच्या सौ. आशाबाईनं विचारलं, तुमच्या लिखाणात आग नुसती आग म्हणून कधी येते का? बायकांना सिम्बॉल कळत नाही.

७ सप्टेंबर
अर्धं पान. शेजारच्या चांदपाशाची नानची भट्टी फार धुमसते. बजावलं, लेखक काम करतोय. "जी मास्तर," म्हणाला, अन् दोन गरम नान पाठवले. खाल्ले. झोप आली.

१२ सप्टेंबर
मारुतीच्या पारावर सातवा चॅप्टर वाचला. वीस पोरं! "जाळल्याशिवाय शुद्ध होत नाही" या वाक्याला टाळ्या. माझा जुना विद्यार्थी कारभारी, त्यानं तेच वाक्य तीनदा वाचायला लावलं. त्याच्या मामाचं घर गेल्या महिन्यात रझाकारांनी जाळलं. अखेर वाचक लाभला. आशाबाई म्हणे, टाळ्या वाजवताना पोरं कुणाच्या घराकडं बघत होती? आता वाचकांच्या नजरा राखत बसू?

१९ सप्टेंबर, दुपार
निजामी संपली. कारभारी पन्नास माणसं घेऊन आला, टेंभे, कुऱ्हाडी. वाटलं, मिरवणुकीला मला न्यायला आले. टोपी चढवली. तर मंडळी चांदपाशाच्या दारात. ओरडलो, अरे, ते सिम्बॉल आहे! कारभारी म्हणाला, "व्हय मास्तर, पर भट्टी तर खरीच हाय." चांदपाशाला फरफटत आणलं, डोक्यात दांडा घातला, दोन्ही हात त्याच्याच भट्टीत कोंबले.
मी तीव्र निषेध केला. घरात येऊन, कडी लावून.

२० सप्टेंबर
काल आशाबाई कडी काढून कोयता घेऊन गेली. मला न विचारता. "काकू, बाजूला व्हा," म्हणणाऱ्या कारभारीच्या थोबाडीत दिली, अन् चांदपाशाला नि त्याच्या बायकोला, रईसाला, ओढून आणलं. दोघं माझ्या लिहायच्या खोलीत आहेत. त्यांचं घर जळून गेलं. लेखन बंद.
चांदपाशाच्या हातांना खोबरेल लावून चिंध्या गुंडाळल्यात. त्याला नीट समजावलं: पोरांनी चुकीचा अर्थ लावला, साहित्याचा दोष नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, वो सातवा चॅप्टर मेरेकू बी पढ के सुनाव. सबकू सुनाया, मेरेकूच नै सुनाया."
म्हणालो, चष्मा सापडत नाही.
रईसा माझ्या डोळ्यांवरच्या चष्म्याकडं बघत राहिली.