अठरा टक्के हात

३ मार्च
प्लास्टर निघालं. उजव्या हाताची अंगठ्यासकट तीन बोटं बधिर. दुकानासमोर रिव्हर्स घेणाऱ्या कुरियर व्हॅनने मनगट चेचलं, त्याला दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, नसेला वेळ द्या. दिला. कुरियर कंपनीकडून भरपाई म्हणून पन्नास लाखांच्या खाली एक पैसा घेणार नाही. शिंपी आहे मी, हात हेच भांडवल. तोवर दुकान बायको बघेल. जमेल तेवढं करेल बिचारी.

९ मार्च
वकीलबाईंकडे. त्यांनी हिशेब समजावला. उपचाराची बिलं, बुडालेली कमाई, पुढे बुडणारी कमाई, आणि सोसलेल्या त्रासाचे थोडे. कमाई मात्र इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवली तेवढीच धरतात. गेली वीस वर्षं रिटर्नमध्ये मी जेमतेम पोट भरणारा माणूस आहे. तेव्हा फार हुशारी वाटली होती. म्हटलं, खरी कमाई तोंडी सांगतो. पेनाला टोपण लावत त्या म्हणाल्या, नका सांगू.

२ एप्रिल, सकाळ
अपंगत्वाचा दाखला. डॉक्टरांनी बोटांना सुई टोचली. काही कळलं नाही. मनातून खूश. किमान साठ टक्के.

संध्याकाळ
अठरा.

१४ मे
कंपनीच्या वकिलाने फोनचा रेकॉर्ड काढला. "व्हॅन मागे येत होती तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होता?" वकीलबाईंनी विचारलं. म्हटलं, बोलत नव्हतो, ऐकत होतो. मेहुणा बोलत होता. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. म्हणजे थोडी चूक माझीही, चौथा हिस्सा कापणार. तो मेहुण्याकडून वसूल करता येईल का, विचारायचं राहिलं.

२० मे
बायको म्हणाली, देतायत ते घ्या. म्हटलं, तुला यातलं कळत नाही. ती शर्टाला कॉलर लावत राहिली. कॉलर चांगली बसली होती. सांगितलं नाही.

८ जुलै
तडजोडीवर सही केली. पेन बायकोने बोटांत बसवून दिलं. सगळं वजा जाता दोन लाख दहा हजार. वकीलबाई म्हणाल्या, चांगले मिळाले. मलाही तसंच वाटतंय. वाटायला हवं.

९ जुलै
आजपासून दुकान पुन्हा माझ्या ताब्यात. पहिलं गिऱ्हाईक आलं. खांद्याला टेप लावली. ती बोटांतून कधी सुटली, कळलंच नाही. गिऱ्हाईक जमिनीकडे बघत उभं. बायकोने टेप उचलली आणि माप घ्यायला लागली.
"लिहून घ्या," म्हणाली.
खांदा साडेसतरा. बाही चोवीस. डाव्या हाताने लिहून घेतलं.