साबणाचा हात

बाबा, तुमचा प्लास्टरचा कैलास सापडला. रामवाडीचा आपला गणपतींचा कारखाना भाड्याने द्यायचं ठरलं, म्हणून माळा रिकामा करायला मी रोह्याहून एसटीने गेले होते. काथ्याच्या गोण्यांच्या मागे, तुमच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला तो हाताला लागला. उलगडून बघितला तर वरच्या शिखराला आईने दिलेला निळा रंग अजून थोडा धरून आहे, खालची गुहा मात्र पाण्यात राहिलेल्या गुळाच्या ढेपेसारखी झिजून गेलेली. मी तिथेच माळ्यावर मांडी घालून बसले. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि तुमच्याशी भांडायला आता मला कारण मिळालं.

टाकी आणलीत तो दिवस मला अजून दिसतो. मी सातवीत आहे, कारखान्याच्या दर्शनी भागात चार माणसं मिळून ती काचेची पेटी चौथऱ्यावर चढवतायत, आणि तुम्ही हायवेच्या पलीकडे उभं राहून तिथून ती दिसते का ते बघताय. माझ्या छातीपर्यंत येईल एवढी ती खोल. मग पाण्याच्या पिशव्यांतून मासे आले. लाल टोपी घातल्यासारख्या डोक्याचे, डोळे बाहेर आलेले, लिंबासारख्या गोल पोटाचे, मागे दुहेरी शेपटीचा घोळ. इतके जाडे की त्यांना धड पोहताही येत नव्हतं. वर खाद्य टाकलं की तळातून वर येईपर्यंत बिचारे दमून जायचे. पण तुम्हाला त्याचं काय, गिऱ्हाईक गाडी थांबवून आत येत होतं ना. मासे बघायला आलेली माणसं गणपती ठरवून जायची, आणि जाताना हटकून म्हणायची, "हमरापूरच्या बाईंनी डोळे आखलेला द्या हं." हमरापूर आईचं माहेर. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ती तिथूनच शिकून आली होती. तिने ब्रश टेकवला की मूर्ती बघायला लागायची. ते वाक्य ऐकून तुमचा चेहरा कसा व्हायचा, हे मला तेव्हा दिसायचं, अर्थ आत्ता लागतोय.

त्याच सुमारास प्लास्टरच्या मूर्ती बंद होणार अशी बोलणी सुरू झाली. प्लास्टरने तळी खराब होतात, मासे मरतात, असं जो तो बोलायला लागला. प्लास्टरवर आपलं घर चाललं, माझं शिक्षण झालं, हे मी नाकारत नाही. पोटावर पाय येतो म्हटल्यावर माणूस चिडणारच. पण तुम्ही नुसते चिडला नाहीत. सजावटीसाठी आपण प्लास्टरचे छोटे कैलास साच्यातून काढायचो, त्यातला एक आईकडून रंगवून घेतलात आणि टाकीत सोडलात. येईल त्याला हाताला धरून दाखवायचात, "हा बघा प्लास्टर, हे बघा मासे. कोन मेलाय काय? उगाच बोंब मारतात." मासे गुहेतून आतबाहेर करायचे आणि मला तर ती टाकी म्हणजे स्वर्गच वाटायची. शाळेतल्या मैत्रिणींना मी तिकीट लावल्यासारखी रांगेने आणून दाखवायचे.

मग पाणी धूसर होत गेलं. एक दिवस सकाळी ते दुधासारखं दिसलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. जे दमले ते तळाशी आडवे पडले. मी शाळेतून परत आले तेव्हा सगळे मासे बादलीत होते, मेलेले. टाकी घासूनपुसून नव्या पाण्याने भरलेली, आणि कैलासाच्या जागी नदीतला एक काळा दगड. मी मासे बघून रडले आणि दगड बघून मला बरं वाटलं, एवढंच माझं वय. दुसऱ्या दिवशी सगळे कारागीर कामावर आल्यावर त्यांच्यासमोर तुम्ही आईकडे बोट दाखवलंत. "भांडी घासून तसाच साबनाचा हात टाकीत घातला हिनं. सगळं मारून टाकलं. हिच्या हाताला गुन नाय. या हातानं देवाचं डोळं नकोत." आईने हातातला ब्रश खाली ठेवला. रंगाच्या पाटावरून उठली आणि कोपऱ्यात जाऊन पॉलिश पेपरने मूर्ती घासायला बसली. त्यानंतर तुम्ही होतात तोवर ती तिथेच बसली. पांढऱ्या धुळीने तिच्या भुवया भरून जायच्या.

आणि मला तुम्ही बक्षीस दिलंत! नवे मासे आणलेत, खाद्याचा डबा माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "आता हे तुझ्याकडं. आईला टाकीला हात लावू द्यायचा नाय." किती मिरवलं मी ते. आई नुसती काच पुसायला आली तरी मी विचारायचे, साबणाचा हात नाही ना? ती हात उलटेसुलटे करून दाखवायची. आईने मुलीला हात दाखवायचे, आणि तुम्ही खुर्चीत बसून हसायचं.

आज रोह्याला माझ्या घरात टाकी आहे. तुमच्या टाकीहून खोल. दुकानदाराने सांगितलं होतं, या जाड्या माशांना खोली नको, लांबरुंद उथळ टाकी घ्या; पण मी तुमचीच मुलगी, ऐकते कुठली. कंपनीच्या लॅबमध्ये पाणी तपासायचं काम करते मी. प्लास्टर आणि त्याच्यावरचा रंग साचलेल्या पाण्यात काय करतात ते मला पाठ आहे. तरी इतक्या वर्षांत तुमच्या टाकीशी ते मी कधी जोडलं नाही, कारण आपल्या घरात उत्तर ठरलेलं होतं, साबण. आई माझ्याकडेच राहते. टाकीपासून दोन हात लांब खुर्ची ठेवून मासे बघत बसते.

कैलास मी तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "आई, हा त्यांनी लपवून ठेवला होता. त्यांना माहीत होतं गं. मासे याने मेले." मला वाटलं ती रडेल, निदान तुम्हाला दोन शिव्या घालेल. तिने शिखरावरच्या निळ्या रंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं त्यांना. मासे मेले त्याच दुपारी. म्हटलं, साबनानं फेस येतो, पानी असं दुधावानी नाय व्हत, तुमच्या डोंगरानं मेले. तेवा गुमान काढला त्यांनी. आनि दुसऱ्या दिवशी माझा ब्रश काढला." मी विचारलं, मग तू सगळ्यांसमोर बोलली का नाहीस? "एकदा खरं बोलले तर ब्रश गेला गो. दुसऱ्यांदा बोलून काय घर सोडू?"

बाबा, मासे मेले ते मी तुम्हाला माफ केलं असतं. धंद्यासाठी खोटं बोललात, तेही गिळलं असतं. पण तिने खरं सांगितलं म्हणून तुम्ही तिचा हात काढून घेतलात, हे मला गिळता येत नाही. या गणपतीला मी शाडूची कोरी मूर्ती आणली, तिच्यापुढे ब्रश ठेवला. तिने तो उचलला, रंगात बुडवला. डोळ्याजवळ ब्रश नेला आणि तिने तो परत खाली ठेवला. मूर्ती तशीच, डोळ्यांवाचून, कपाटात आहे.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता तिलाही दाखवता येणार नाही, कारण कालचं लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही. काल सकाळी काळा मासा फिल्टरच्या मागे अडकला. आई खुर्चीवरून उठली, पदर खोचला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने टाकीच्या पाण्यात हात घातला. मी स्वयंपाकघरात होते, तिथूनच ओरडले, "आई, साबणाचा हात नाही ना?" तिने हात बाहेर काढला, उलटासुलटा करून मला दाखवला, आणि खुर्चीत जाऊन बसली. मासा मग मीच सोडवला.