वहीत नसलेली ओळ

बाबा, उद्या तुझ्या नातीची हळद आहे आणि सारसोळ्याचा आपलाच बँड तुझ्या वहीतली चाल वाजवणार आहे. आताच्या पोरांना तुझी सारेगम वाचता येत नाही, त्यांना पाच रेघांवरचे ठिपके लागतात. म्हणून महिनाभर मी ती वही कॉम्प्युटरवर उतरवत बसले. पन्नाशी उलटलेली तुझी लेक माऊसशी झटापट करताना बघून तू पोट धरून हसला असतास. मला मात्र मजा आली. वहीतलं अक्षर माझंच. तू कंपनीतून आलास की स्वयंपाकघरात पाटावर बसून क्लॅरिनेटवर एकेक ओळ वाजवायचास, मग सूर सांगायचास. आई शेजारी जवळा निवडत असायची आणि मी लिहायचे.

एक ओळ त्या वहीत नाही. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. तालमीत तुम्ही त्या जागेला आलात आणि सगळी क्लॅरिनेटं गप्प झाली. तू माझ्याकडे बघतोस. मी म्हणते, "तू सांगितलंच नाय." तू सगळ्यांना सांगतोस, "माजंच ऱ्हायलं सांगायचं." मग ती मोकळी जागा ढोलवाल्या काकांना देऊन टाकतोस. घरी आल्यावर एवढंच बोललास, "आदी नीट आयकायचं, मंग लिवायचं." ती ओळ मला इतक्या वर्षांनी जागेवर घालायची होती. घातली, वाजवून ऐकली, पानं छापून आणली.

आज सकाळी तालमीत पोरं म्हणाली, "मावशी, इथं तर काय नाय." पानावर तेवढीच जागा कोरी. घरी येऊन फाइल लावली तर ओळ खणखणीत ऐकू येते, दिसत मात्र नाही. माझं डोकंच फिरलं. लेकीचे दोन्ही हात ओल्या मेंदीनं भरलेले, ती कोपरानंच स्क्रीन दाखवत होती. "आई, टेन्शन नको घेऊ. नोट्स हाइड झाल्यात. लपवलेलं दाखव असं आहे ना, तिथे टिक कर." टिक केली आणि ओळ हजर, फिकट राखाडी. माझंच बोट कुठल्यातरी बटणावर पडलं होतं. आनंदानं मी तिला मिठी मारायला गेले, तर ती मेंदी सांभाळत चार पावलं मागे पळाली.

ती पुन्हा उघडी करून छापली आणि संध्याकाळी नवी पानं घेऊन गेले. पोरांनी ओळ वाजवली, छान वाजवली. ढोलवाले काका आता खूप थकलेत, खुर्चीत बसून वाजवतात. त्यांनी हात थांबवला. "बाय, ही जागा तं माजी हाय. तुज्या बापानं दिलेली." रागानं नाही म्हणाले, आठवण करून दिल्यासारखं म्हणाले. आणि खरंच, सगळं गाव त्याच जागेला नाचतं. घरी येऊन मी ती ओळ पुन्हा लपवली, या वेळी मुद्दाम. पुसली नाही.

हे पत्र वहीच्या त्याच पानात ठेवते, दुसरीकडे कुठे जाणार ते. मघाशी लेकीनं विचारलं, वहीत नसलेली ओळ तुला आली कुठून? मी म्हणाले, बसवली अंदाजानं. अंदाज कसला, बाबा. तू सांगितली होतीस, दोनदा. मला लंगडी खेळायला जायचं होतं.