टाकीला डाग देऊ नका

बाबा,

उठल्यावर आधी हे वाचा. गॅरेजला मी कुलूप लावलंय आणि किल्ली बरोबर नेतेय. गळती बुजवायला डाग द्यायचा बर्नरही माझ्याच पिशवीत आहे, तेव्हा शोधत बसू नका. शेजारच्या काकांकडे दुसरा मागायलाही जाऊ नका, त्यांना मी सांगून ठेवलंय.

गाडीची टाकी खालच्या शिवणीतूनच गळतेय. ते तुम्ही बरोबर ओळखलंत. गाडी भंगारातून उभी केलीत, तिच्यातलं तुम्हाला मी काय शिकवणार? पण काल तुम्ही नेहमीसारखं टाकीच्या तोंडाला नाक लावलंत, "वास नाही, साफ झाली" म्हणालात आणि काडीपेटी उचललीत. मी जिन्यात होते. मला तिथवर पेट्रोलचा वास येत होता.

म्हणून जेवायला हाक मारली. भाजी तेव्हा चिरायचीच होती.

आत पेट्रोलची वाफ राहू नये म्हणून टाकी मी पाण्याने काठोकाठ भरून ठेवलीय. संध्याकाळी लवकर येते, मग दोघं मिळून ती मेकॅनिककडे नेऊ. रागावायचं असेल तर तेव्हा रागवा.

आई दुपारी मावशीकडून येईल. तिला यातलं काही बोलले नाही. परवा दूध करपलं तेव्हा तुम्ही ओट्याशेजारीच पेपर वाचत बसला होतात आणि तुमचं कशात लक्ष नसतं म्हणून ती किती बोलली तुम्हाला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पातेलं घासायला घेतलंत.

चहा थर्मासमध्ये आहे. आई येईपर्यंत गॅस पेटवू नका, बाबा.