दोलानावरची निळी चिंधी

११ ऑक्टोबर

लावलं एकदाचं. गुडघ्याएवढंच आहे. दरीतल्या मोठ्या दोलानाच्या, त्या लाल फळांच्या काटेरी झाडाच्या, बुंध्याशी उगवलेलं रोप. दगडांतून काढताना मुळांची बरीच माती सांडली. घराच्या दक्षिणेला, भिंतीपासून सहा पावलांवर लावलं. इथली माती खारट, म्हणून मांडीभर खोल खड्डा खणून वाळू आणि उंटाच्या जुन्या लेंड्या घातल्या. काट्यांनी दोन्ही हात ओरबाडलेत.

सुनेला, शिनारला सांगितलं, याची फळं हृदयाला चांगली म्हणून लावतेय. खरं कारण फक्त इथे लिहिते. तिला तिसरा महिना आहे. आधीची दोन्ही पाचव्यात गेली. मी मनाशी धरलंय — झाड जगलं तर बाळ जगेल. असं काही धरू नये हे मला कळतं. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी! पण धरलं गेलं, आणि आता सोडता येत नाही.

१४ ऑक्टोबर

सगळी पानं गळाली. थंडीने गळाली की मेलं म्हणून? नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

२ नोव्हेंबर

खोडाला कुणीतरी चिंधी बांधलीय. निळ्या फुलांची, तीन वेढे, पक्की गाठ. कुणी बांधली कुणास ठाऊक.

शेजारची उलबोसिन कुंपणापाशी येऊन बघत राहिली. "वहिनी, तुमच्या झाडाला कुणीतरी मानलंय बरं का."

"काटकीला काय मानायचं?"

"गावात दुसरं झाड आहे कुठे? एकटं झाड म्हणजे कुणाचं तरी ऐकणारच."

१९ नोव्हेंबर

पाच झाल्या. उलबोसिनने आपल्या गुडघ्यांसाठी बांधली. उंटवाल्या तिलेपने हरवलेल्या सांडणीसाठी तिच्याच शेपटीचे केस बांधले, आणि तिसऱ्या दिवशी ती आपल्या पायाने घरी आली. ती दरवर्षी अशीच येते! पण आता गावाला कोण समजावणार.

४ डिसेंबर

उणे अठरा. बर्फाचा मात्र पत्ता नाही. आमच्याकडे झाडं थंडीने कमी आणि थंडीतल्या तहानेने जास्त मरतात. दुपारी ऊन पडलं तेव्हा अर्धी बादली पाणी घातलं. टँकर आठ दिवसांत आलेला नाही, ते चहाचंच पाणी होतं.

लेकाचा, बेकझातचा तेलाच्या विहिरींवरून फोन. अजून दहा दिवस पाळी आहे त्याची. "आई, ती काटकी राहू दे. शिनारकडे बघ."

म्हटलं, दोघींकडे बघतेय.

तिला पाचवा लागला.

९ डिसेंबर

कुणीतरी मुळाशी दूध ओतलंय. गोठून पांढरा थर झाला होता, सुरीने खरवडून काढला. खारट मातीत वर दूध! चिंध्या एकतीस. गावाच्या भक्तीनेच मरेल हे.

२१ डिसेंबर

लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

सकाळी शिनार चुलीपाशी एकदम वाकली. पोट धरून म्हणाली, "आई, दुखतंय." मी गाडी बोलवायला बाहेर धावले — आणि आधी झाडाकडे गेले. एक फांदी मोडलेली होती. चिंध्यांच्या भाराने. मी तिथेच उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. तिने आतून हाक मारली तेव्हा भानावर आले.

अक्ताउ शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठीक आहे, आईने पडून राहायचं. येताना गाडीत शिनारने माझा हात धरून ठेवला होता. मला तिच्याकडे बघवेना.

१० जानेवारी

पहाटेपासून पाऊस आणि बर्फ एकत्र. चिंध्या भिजून गोठल्या, पत्र्यासारख्या कडक झाल्यात. वारा आला की सगळं झाड हेलकावतं. खोडाभोवती मातीत बोटभर फट पडलीय. म्हणजे आत मुळं तुटतायत.

चिंध्या सोडायलाच हव्यात. पण दुसऱ्याने बांधलेली सोडली की त्याने जे तिथे टांगलं ते सोडणाऱ्याच्या अंगावर येतं. हे इथे पोराटोरांनाही ठाऊक आहे. माझ्यावर येईना का! अडुसष्टाव्या वर्षी माझं काय बिघडणार? पण ते घेऊन मी ज्या घरात शिरणार, त्याच घरात ती झोपलीय.

दिवसभर खिडकीत बसून राहिले. भीती वाटते. दोन्हीकडून वाटते.

११ जानेवारी

गेले नाही. हिंमत झाली नाही.

१२ जानेवारी

सकाळी अंगणात गलका. बघते तर बायकांची रांग! उलबोसिन, डाकघरवाली, खालच्या आळीतल्या दोघी सवती-सवतींसारख्या भांडणाऱ्या जावा, तिलेपसुद्धा. आणि पुढे शिनार — माझे नमद्याचे, जाड लोकरीचे बूट घालून, पोट सांभाळत उभी. ओरडले, "हात लावू नकोस त्याला!"

"मी कशाला लावू, आई? ज्याची त्याने सोडायची. स्वतःची सोडली तर कुणाला बाधत नाही ना?" अंथरुणात पडल्या पडल्या तिने गावभर फोन केले होते. मी खिडकीत बसून काय पुटपुटत होते, ते सगळं तिने ऐकलेलं.

उलबोसिन कुरकुरली, "आणि माझे गुडघे?"

"गुडघ्यांना मी उंटाच्या लोकरीचे पट्टे विणते, मावशी. झाड काय विणणार?"

"मग जरा रुंद विण. माझे गुडघे बघितलेस ना?"

सगळ्या हसल्या. मग एकेक पुढे येऊन आपापली गाठ सोडू लागली, कुणी फुंकर मारून, कुणी दातांनी. सोडताना प्रत्येकीचे ओठ हलत होते. तिलेपने केस सोडून खिशात घातले आणि म्हणाला, सांडणीला तसंही झाडाचं काही वाटत नाही.

एक उरली. निळ्या फुलांची, खोडावरची.

"ही कुणाची?" शिनारने विचारलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "राहू दे," ती म्हणाली. "जिची असेल ती सोडेल."

हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

माती दाबून घेतली, खोडाला गोणपाट गुंडाळलं. मग सगळ्यांना चहा आणि कणकेचे तळलेले बाउरसाक. घर भरून गेलं होतं.

३ फेब्रुवारी

बर्फ पडलं, चांगलं वीतभर. घमेल्याने ओढून मुळाशी रास केली. तिला सातवा. आजवर इथपर्यंत कधी पोचलो नव्हतो. मोठ्याने बोलायचीही भीती वाटते.

२२ मार्च

नौरूज, नवं वर्ष. शिनारने सात जिनसांची कांजी केली, मी गोणपाट काढलं. निळ्या चिंधीच्या खालचे डोळे फुगलेत. वरचे अजून तसेच, काळे, मिटलेले. वाऱ्याने घासून घासून ती सालीत रुतलीय. आता रस वर चढायचे दिवस. आणि ती तशीच राहिली तर वरचं सगळं जाईल.

पण ती सोडायची म्हणजे मागितलेलं परत घ्यायचं. तेही आत्ता, शेवटच्या दिवसांत?

५ एप्रिल

रोज जाते, गाठीवर बोट ठेवते, परत येते.

१५ एप्रिल

दुपारी कळा सुरू झाल्या. बेकझात तिला घेऊन अक्ताउला गेला. गाडीत बसताना ती म्हणाली, "आई, मी येईपर्यंत झाडाकडे बघा." आणि मग हळूच, "नीट बघा."

अंधार पडला तरी फोन नाही.

१६ एप्रिल

सकाळी गाठ सोडली. सुटेना, शेवटी दातांनी सोडली. अजून फोन आलेला नव्हता.

ती माझीच होती. शिनारच्या जुन्या झग्याची बाही मी फाडली आणि पहिली चिंधी मीच बांधली. गावाने माझी बघून बांधल्या. कुणास ठाऊक, असं या वहीतही लिहून ठेवलं मी.

तुकडा मुठीत धरून पायरीवर बसले होते तेव्हा फोन वाजला. बेकझातने फोन बाळाच्या तोंडाशी धरला. मुलगी आहे. रडत होती.