पाठीखालचा हात

२ फेब्रुवारी
अष्टमी. सकाळची भरती, पाणी अगदी निवांत. सुरूच्या बनाआडून आम्ही सगळ्याजणी उतरलो, कुणी गाऊनमध्ये, कुणी जुन्या पातळात. पुरुषांच्या नजरेशिवाय समुद्र मिळावा म्हणून इंदूने हे सुरू केलं तेव्हा गाव हसलं होतं. नव्या बाईच्या पाठीखाली हात धरते तीच. बाई तरंगली की इंदूच्या वाडीतला एक नारळ तिला. उताणं पडलं की कान पाण्याखाली जातात, मग नुसतं आभाळ. आज उठावंसं वाटेना.

घरी आले तर मीराचा मेसेज. कोर्टासमोर टायपिंग करते, आमच्या वाचनगटात येते. जन्माच्या दाखल्यावर मुलगा, आता बाई म्हणून राहते. "मॅडम, पुढच्या अष्टमीला मी येऊ?" मी लिहिलं, ये.

४ फेब्रु.
ग्रुप पेटलाय. मी निमंत्रणात "स्त्रिया व ट्रान्स स्त्रिया" लिहिलं, वाटलं फार शहाणपणा केला. मीरा म्हणते, मला वेगळ्या पंगतीत का बसवलंत? ग्रुपमधल्या पनवेलच्या पूजाने समजावलं की आपण बाकीच्या "सिस स्त्रिया", म्हणजे जन्मापासून बाई म्हणूनच नोंदलेल्या. इंदू भडकली. "साठ वर्षं नुसती बाई आहे मी. मला विशेषण नको." मीराला सांगितलं तर म्हणाली, "मलाही नकोच आहे." दोघींचं म्हणणं एकच, आणि एकमेकींशी बोलायला तयार नाहीत.

७ फेब्रु.
इंदूकडे गेले. अंगणभर सुपारी वाळत घातलेली. तिचा मुद्दा शोभाचा. शोभा नवऱ्याचा मार खाऊन आमच्यात आली, ओल्या कपड्यांत फक्त इथे निर्धास्त असते, तिचं काय? खोटं नाही. जाताना वाटेत शोभालाच विचारलं होतं. "मना भीती बाप्यांची हाय. हिची वाटंल का, म्हाईत न्हाय. बघू दे आधी."

इं.ला म्हटलं, पाण्यावरून माणूस अडवला की काय वाटतं हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. तिला ठाऊक आहे. आमच्या बौद्धवाडीतून मला तिनेच स्वतःच्या विहिरीवर नेलं होतं, सासूच्या देखत. सासूने कितीतरी दिवस अबोला धरला.

"ते वेगळं, विमल."

वेगळं आहेच. पण...

निघताना म्हणाली, ती येणार असेल तर मी नाही. रिक्षात रडू आलं. इं. नसलेला समुद्र मला माहीतच नाही.

१२ फेब्रु.
स्वप्न. मी तरंगतेय, वर माडांच्या झावळ्या हळूहळू फिरतायत. पाठीखाली कुणाचा तरी हात. वळून बघितलं तर बुडेन, म्हणून बघत नाही. ऊन, पाणी, कुठेतरी बाया हसतायत... जाग आली तरी हात जाणवत होता.

१७ फेब्रु.
अष्टमी. इं. नाही. शोभा आली, पण गुडघाभर पाण्यात लांबच थांबली. मीरा काकडत होती. हात मी धरला. मला कुठे येतं ते? दोनदा बुडाली, खोकली, हसली. ती पुन्हा उताणी झाली, मी परत चल म्हणणार होते, तेवढ्यात सुरूतून आवाज.

"कमरेला काय धरतेस, विमल? खांद्यांखाली धर. मान सोडायला सांग."

इं. कोरडी, पायांत चपला. मी हात वर सरकवला, तिची मान हलकेच थोपटली, मीराने मान सोडली आणि तरंगली. हातावर वजनच नाही. डोळे मिटलेले, चेहरा लहान मुलासारखा. तिचे कान पाण्यात, तिला इं.चा आवाज ऐकूच गेला नाही. शोभा दोन पावलं पुढे आली होती, मग थांबली. बाहेर आलो तेव्हा सुरूत कुणी नव्हतं.

१८ फेब्रु.
सकाळी दार उघडलं तर पायरीवर नारळ. इं.च्या वाडीतलाच, शेंडी ती ठेवते तशीच. चिठ्ठी वगैरे नाही. फोन केला, उचलत नाही. माझा नारळ मला केव्हाच मिळालाय. मग हा मीराचा? की मला कायमच्या निरोपाचा? मीराचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. चुकीचं सांगितलं तर तिच्या जिव्हारी लागेल.

दुपारभर पायरीवर बसले. नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी आहे.